पुलीच्या खाचेतला रंग

मित्रांनो, भिलाईतल्या आपल्या रुआबांध्याच्या मैदानाकडेला जी पत्र्याची शेड आहे, तिथे गवत कापायची एक जुनी मशीन पडून आहे. ती मी. तुम्ही क्रिकेटचा चेंडू शोधायला आत येता आणि माझ्यावर पाय देऊन वर चढता. चढा, माझी हरकत नाही. फक्त उतरण्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. रुंद पत्र्याखाली पाती, वर पुल्या आणि त्यांना फिरवणारा एक रबरी पट्टा, एवढाच माझा संसार. ट्रॅक्टर मला मागे जोडून घेतो. त्याच्या इंजिनाची ताकद दांड्यातून माझ्याकडे येते आणि पट्टा ती पात्यांपर्यंत नेतो. पट्टा पुलीच्या खाचेत घट्ट धरून चालला तर सगळे ठीक. घसरला तर घासून तापतो. तापत राहिला तर जळतो. माझे सगळे आयुष्य एवढ्यात आले.

मला चालवणारा होता चंपत. त्याचे वडील गोंदियाकडची शेती सोडून इथल्या पोलाद कारखान्यात आले. चंपतही तिथेच ठेक्यावर लागला. एक दिवस गुडघ्यावर लोखंड पडले आणि तो पाय पुन्हा वाकला नाही. खाली बसून विळा चालवणे आता त्याच्याने होणार नव्हते. वसाहतीच्या मैदान समितीने त्याला ट्रॅक्टरवर बसवले. सीटवर बसलेला चंपत लंगडा आहे हे कोणाला कळतही नसे.

ते दिवस चांगले होते. सकाळी फिरायला येणारी माणसे थांबून म्हणायची, "गालिचा करून टाकला ना गा चंपत!" चंपत मान न वळवता माझ्या पत्र्यावर थाप मारायचा, म्हणजे शाबासकी माझी. मागून त्याची बायको कलावती कापलेले गवत ओढत यायची.

भिलाईत विश्वकर्मा पूजा कशी होते, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी मशीन चालवायची नाही. धुवायची, रंगवायची, हार घालायचा. चंपत मला लाल ऑईल पेंट द्यायचा. पत्रा, चाके, नट, काही सोडायचा नाही. ब्रशचे टोक दाबून पुलीच्या खाचेतही रंग भरायचा.

"अवो, त्या आतल्या खाचेत कोन पाह्यते?" कलावती हसून विचारायची.

"देव पाह्यते," चंपत म्हणायचा.

वरून पट्टा चिरकू नये म्हणून त्यावर तेलाचे बोट फिरवायचा. मला हात लावणाऱ्या माणसांत एवढ्या मायेचा हात दुसरा नव्हता. पण त्या रंगावर आणि तेलावर माझा पट्टा घसरू लागला. पूजेनंतर गवत कापायला निघालो की जळक्या रबराचा वास सुटायचा. काही दिवसांनी रंग थोडा झिजायचा, वास कमी व्हायचा आणि सगळे विसरून जायचे. पुढच्या वर्षी जुन्या थरावर नवा थर. मला कळत होते, पण मशीनला बोलता येत नाही. मला तापता तेवढे येत होते.

मागच्या वर्षी पाऊस लांबला. गवत कमरेपर्यंत वाढले आणि दसऱ्याचा मेळा तोंडावर आला. नव्या रंगात मी मैदानात उतरले आणि थोड्याच वेळात पट्टा धुरायला लागला. समितीचे सेक्रेटरी श्यामराव शेडमध्ये आले.

"चंपत, दसऱ्याआधी मैदान साफ पाहिजे. नाही झालं तर ही मशीन भंगारात, आणि ट्रॅक्टरवर दुसरा माणूस. मग तुला कोणतं काम देऊ, तूच सांग. विळा तुला जमत नाही."

"होते साहेब. करतो मी," चंपत म्हणाला.

त्याने शेजारच्या हेमराजला बोलावले. हेमराज कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. त्याने पट्टा दाबून पाहिला. "ढिल्ला आहे बे," म्हणत पाना घेतला आणि ताणून घट्ट केला. मी आणखी तापले. मग त्याने माझ्या पोटात अडकलेले ओले गवत खरवडून काढले, पात्यांना धार लावली, नवा पट्टा चढवला. तोही धुरायला लागला. त्याने पुन्हा ताणला. आता बेअरिंग कण्हू लागले.

"घसरून कावून राहिला हा? सगळं तं केलं!" हेमराज वैतागला.

संध्याकाळी चंपत कलावतीला म्हणाला, "पूजेतच काई कमी राह्यलं असन. देव नाराज आहे."

"मंग आता?"

"अजून एक डाव करतो."

त्याने नारळ आणला. पुन्हा ब्रश, पुन्हा खाचेत रंग, पट्ट्यावर आणखी थोडे तेल. हात जोडून तो माझ्याशी बोलला, "म्हातारे, एवढं मैदान काढून दे. मंग मी तुले काई मांगनार नाई."

मित्रांनो, त्या क्षणी मला एकच शब्द बोलता आला असता तरी पुरे होते.

दुसऱ्या दिवशी अर्धे मैदानही झाले नाही. पट्टा पेटला, बेअरिंग जाम झाले आणि ताणून ताणून कमजोर झालेला, पुली फिरवणारा माझा मधला दांडा वाकला. हेमराजने पुली खोलली. खाचेत स्क्रू ड्रायव्हर घातला, तर लाल पापुद्रे निघाले. एकाखाली एक, निघतच राहिले.

"हे काय होय बे?"

"रंग होय. दरसाल लावतो," चंपत म्हणाला.

"आतमधी? अन् वरून तेल? अबे, पट्टा लोखंडाले धरून चालते! तू त्याले..." हेमराज बोलता बोलता थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "मी बी तं नुसता तानूनच राह्यलो. एक डाव बोट घालून पाह्यलं नाई."

चंपतने पापुद्रे तळहातावर घेतले. "म्या तं तिले सजवून राह्यलो होतो," एवढेच तो म्हणाला.

दांडा सरळ होणार नव्हता. भाड्याची मशीन आली, परका माणूस आला, मैदान कापले गेले. मेळा झाला. चंपत आता नेहरू नगरातल्या एका इमारतीच्या फाटकावर राखणदार म्हणून बसून असतो. भंगारवाल्याने मला एकदा पाहिले आणि उद्या येतो म्हणून गेला. तो अजून आलेला नाही.

यंदाही विश्वकर्मा पूजा झाली. बाहेर ढोल वाजले. कलावती शेडच्या दारापर्यंत आली. "या ना आत, एक फूल तं वाहा," ती मागे वळून म्हणाली. बाहेरून चंपतचा आवाज आला, "नको. माह्या हातानं नको."

मित्रांनो, ज्याला जीव लावाल त्याला नुसते सजवू नका. ते का तापते आहे, कुठे घासते आहे, हे वाकून पाहा, बोट घालून पाहा. आणि पाहूनही चूक झालीच, तर हात काढून घेऊ नका. माझा पट्टा त्याच हाताने जाळला, हे खरे आहे. पण त्या दिवशी दारातून कलावती एकटी परतली, तेव्हा मला तोच हात हवा होता.