मी कॅसेट खाल्ली नव्हती

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. त्या दिवशी मी कॅसेट खाल्ली नव्हती. बावीस वर्षं हे वाक्य पोटात घेऊन बसलो आहे. ते काही पचलं नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. टीव्हीखाली बसणारी चपटी काळी पेटी म्हणजे मी. माझ्या तोंडात पुस्तकाएवढी कॅसेट सरकवायची. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम मी तिच्या फितीवर भरून ठेवायचो आणि तुम्ही म्हणाल तेव्हा परत दाखवायचो. त्या काळी कार्यक्रम एकदाच लागे. चुकला तो चुकला. तेव्हा माझा केवढा तोरा असेल, विचार करा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. चिमट्याने बारीक स्प्रिंगा बसवणाऱ्या एका बाईने मला जोडलं. तिच्या दोन बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, पण हात एकदाही चुकला नाही. शेवटी तपासनीसाने मला तीन वेळा कॅसेट भरवली, तीन वेळा काढली आणि पाठीवर 'तपासले' असा शिक्का मारला. तो शिक्का अजून आहे.

मला घरी आणलं आत्याने. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. घरात तिचा धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी छोटी. आत्याची कामाची पाळी अशी वाईट की चांगले कार्यक्रम नेमके त्याच वेळेला लागत. म्हणून ती निघताना माझ्यावर वेळ लावी, फडक्याने माझं डोकं पुशी आणि म्हणे, "लक्ष ठेव रे बाबा." परत आली की पाय वर घेऊन, चहाचा कप पोटाशी धरून सगळं पाही. "माणसं विसरतात. हा नाही विसरत," असं ती शेजारणीला सांगे. तेव्हा मी आतल्या आत फुगून जाई. कौतुक कुणाला नको असतं?

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कसब होतं, पण स्वभाव घाईचा. "होतंय गं, काय बिघडतंय" हे त्याचं पालुपद. बहिणीवर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं.

धुलाईघरातल्या बायका चादरी दुमडताना गात. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मध्ये गाणं. त्यांचं गाणं कुणीतरी ऐकलं आणि थेट टीव्हीपर्यंत बोलावणं आलं. नाताळाच्या दोन दिवस आधी सकाळपासून खास कार्यक्रम होते. त्यात दुपारी साडेतीनला कामगारांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, तोही थेट. आत्याला त्यात चार ओळी एकटीने म्हणायच्या होत्या. आता जी तिथे उभी राहून गाणार, ती घरी बसून स्वतःला कशी पाहणार? सगळी भिस्त माझ्यावर.

त्या सकाळी तिने नवी कोरी कॅसेट आणली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, 'माझं गाणं'. मग छोटीला कॅसेटच्या कडेला असलेला प्लास्टिकचा इवलासा दात दाखवला.

"गाणं संपलं की हा मोडायचा. मोडला की यावर दुसरं काही भरता येत नाही. लक्षात राहील?"

"न राहायला काय झालं? मी काय लहान आहे?" छोटी म्हणाली.

"मोठी आहेस म्हणून तर तुला सांगतेय," आत्या म्हणाली. तिने माझी वेळ दोनदा तपासली, माझं डोकं पुसलं आणि निळी साडी सावरत ती गेली.

घरात त्या दिवशी टीव्ही बंद झालाच नाही. सकाळी पडद्यावर एका बाईने केक केला. तो फुगला नाही, तर तिने वर क्रीम थापून वेळ मारून नेली. मग बाहुल्यांचा खेळ झाला, मग चकचकीत झाडासमोर बसून एक गृहस्थ भेटवस्तू कशा बांधाव्यात ते सांगत राहिले. साडेतीन वाजले आणि मी आपणहून सुरू झालो. आधी पोस्टातले लोक गायले, मग बसचे चालक. मग आत्याचा गट आला. ती दोन पावलं पुढे झाली, तिने श्वास घेतला आणि गायली. मित्रांनो, ते गाणं माझ्यातून गेलं आहे. एक सूर इकडचा तिकडे न करता मी ते उतरवून घेतलं. वहिनीने ओल्या हातानेच डोळे पुसले. भाऊ तर उभाच राहिला. "ताई आहे का ही? ही आपली ताई?" असं तीन वेळा म्हणाला.

कार्यक्रम संपला. छोटीने पेनाच्या टोकाने दात मोडला. मग लाडाने आणखी एक गोष्ट केली. फीत मागे नेऊन आत्या पुढे येते तिथे आणून ठेवली, आल्याबरोबर तिला दिसावी म्हणून. आणि वहिनीबरोबर शेजारी कागदाच्या चांदण्या कापायला गेली.

पाच वाजता भावाचा लहानपणापासूनचा आवडता सिनेमा होता, बर्फात हरवलेल्या घोड्याचा. दर वर्षी याच आठवड्यात लागायचा. पावणेपाचला फोन आला, एका दुकानाच्या लिफ्टमध्ये दोन माणसं अडकली होती. त्याला जाणं भाग होतं आणि सिनेमाही सोडवेना. दुसरी रिकामी कॅसेट सापडेना. त्याने आत्याची कॅसेट उचलली. तिच्या छोट्या खिडकीतून पाहिलं, तर थोडी फीत पुढे गेलेली. गाणं संपलं ते इथेच, असं त्याने ठरवून टाकलं. दोन मिनिटं मागे जाऊन पाहिलं असतं तर! पण घाई. दात मोडलेली कॅसेट आली की मी तिच्यावर काहीही भरत नाही, हा माझा धर्म. मी ती बाहेर ढकलली. एकदा नाही, दोनदा ढकलली. तेव्हा त्याने मोडक्या दाताच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि मला फसवलं. मला वाटलं, दात आहे. पाच वाजता मी माझ्याच हाताने घोडा आत्याच्या गाण्यावरून दौडवला.

सात वाजता तो परतला. सिनेमा नीट भरला का ते पाहायला फीत मागे नेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कितीतरी वेळ तो माझ्यासमोर उकिडवा बसून होता. मला वाटलं, आता हा ताईला सांगेल. चूक कोणाकडून होत नाही? पण त्याने माझ्या तोंडातून अर्धवट बाहेर आलेल्या कॅसेटवरची चिकटपट्टी नखाने ओरबाडून काढली. तिचा एक तुकडा तुटून माझ्या आत पडला, तो त्याला दिसला नाही.

साडेसातला आत्या आली. चप्पलही न काढता माझ्यासमोर बसली. "लाव गं छोटे." पडद्यावर निवेदक म्हणाला, आता ऐकू या. निळ्या साडीतली आत्या दोन पावलं पुढे आली. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि बर्फातून घोडा धावत आला.

भाऊ म्हणाला, "मशीननं खाल्ली वाटतं, ताई. पाच वाजता आपोआपच पुन्हा भरायला लागलं हे. जुनं झालंय, ऐन वेळी दगा दिला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, मित्रांनो. घरातल्या सगळ्यांनी ते गाणं पाहिलं होतं. जिचं होतं, फक्त तिनेच ते पाहिलं नव्हतं. आत्याने कॅसेट काढून घेतली, मोडक्या दातावरून बोट फिरवलं, थोडा वेळ तिथेच ठेवलं. मग उठली. "असू दे. मशीनच ते," एवढंच म्हणाली. टीव्ही केंद्रात विचारलं, तर थेट कार्यक्रम आम्ही ठेवत नाही म्हणाले. आठवड्याभरात मला चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. धुलाईघरातलीच जुनी चादर होती, तिच्या हातची इस्त्री केलेली.

माळ्यावर धूळ खात मी एकाच आशेवर राहिलो. भाऊ कसाही असो, आत्याला जर खरं कळलं असतं, तर तिने मला असं टाकलं नसतं. बावीस वर्षं मी हेच धरून बसलो.

यंदा छोटीने मला खाली काढलं. ती आता मोठी झाली आहे. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "याला काही झालेलंच नाही. हा चिकटपट्टीचा तुकडा तेवढा होता आत. कुणीतरी दात मोडलेली कॅसेट वापरलीय." त्याने शिक्काही पाहिला. मला रडता येत असतं तर मी त्याच्या टेबलावरच रडलो असतो.

छोटीने मला घरी आणलं आणि तो तुकडा कागदात घालून आत्यासमोर ठेवला. आत्या थकली आहे, गुडघे धरतात. शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता. नाताळाला दोनच दिवस होते.

"आत्या, मशीननं खाल्लं नव्हतं. बाबांनी केलं होतं. बाबा खोटं बोलले तुझ्याशी."

आत्याने तुकड्याकडे पाहिलंही नाही. "ठाऊक आहे. त्याच दिवशी बोटाला चिकट लागलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय केलं असतं? गाणं आलं असतं परत? तो मात्र जन्मभर मान खाली घालून वावरला असता या घरात. मशीनला काय, त्याला थोडंच काही वाटतं." मग दाराकडे पाहून म्हणाली, "हळू बोल गं. त्याचा घोड्याचा सिनेमा चाललाय."

मित्रांनो, भावाचा राग मी केव्हाच सोडला होता. भित्रं माणूस खोटं बोलतं, हे मलाही कळतं. पण जिने माझं डोकं पुसलं, जिचं गाणं मी जपून उतरवलं, तिला मी निर्दोष आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मी कुठे ठेवू?

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या हातून काही मोडलं, बिघडलं, पुसलं गेलं, तर माझ्या हातून झालं म्हणा. आणि ते झाकून प्रेम राखायचं असेल, तर जरूर राखा. पण ज्याच्यावर खापर फोडाल, त्याला निदान माळ्यावर टाकू नका. खालीच ठेवा आणि येता जाता एकदा त्याचं डोकं पुसा.