झाकणाखालची रिकामी जागा

किल्ली फिरली, स्टार्टर नुसता कण्हला, पण इंजिन काही पेटले नाही. बाबांची बोटे किल्लीवरच राहिली. मिस्त्रींनी माझ्या इंजिनावर मान झुकवली. दारात उभी असलेली बाबांची मुलगी मात्र जमिनीकडे पाहत होती.

मित्रांनो, मी दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स कार. माझा पत्रा कारागिरांनी हाताने ठोकून घडवला. बाबांनी मला घरी आणले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि माझा लाल रंग ओला वाटावा इतका ताजा. वळणावर मी दिसले, की पोरे खेळ थांबवून हात करीत. बाबा लहानग्या मुलीला स्टुलावर उभी करून माझे पोट उघडून दाखवत. एकदा त्यांनी इंजिनाला ठिणग्या पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा अंगठ्याएवढा रोटर तिच्या तळहातावर ठेवला.

"हा ठिणग्यांचा वाढपी. याला खिशात घातलं, की चोराच्या बापालासुद्धा गाडी हलायची नाही!"

पुढे बाबांच्या डोळ्यांत धुके उतरले. त्यांनी ते कुणाला कळू दिले नाही. एका संध्याकाळी फाटकाचा खांब त्यांना दिसलाच नाही. माझा मडगार्ड खरवडून निघाला. "खांबच मधे आला," म्हणत ते हसले. मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप माझे झाकण उघडले आणि तो वाढपी पर्समध्ये टाकला. मी मुकी झाले. बाबांना वाटले, हिचे वय झाले. त्यांनी माझ्यावर चादर ओढली.

मित्रांनो, धावताना झालेली झीज मला कधी सलली नाही. पडून राहणे मात्र आतून खाते. टायर बसले, आसनात उंदरांनी संसार थाटला. ज्याची काळजी वाटते, त्याला नुसते झाकून ठेवू नका. अधूनमधून त्याच्यापाशी या, बोला.

"मरायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकू दे," म्हणत आज बाबांनीच मिस्त्रींना बोलावले होते. मिस्त्रींनी टाकी हुंगून नाक मुरडले. "साहेब, हे पेट्रोल नाही, काढा झालाय!" त्यांनी टाकी रिकामी केली, कार्बुरेटर धुतला, नवी बॅटरी बसवली. तरी किल्ली फिरवल्यावर मी नुसती कण्हले. शेवटी त्यांनी झाकण उघडले.

"अहो, रोटरच नाही इथे! उंदीर हे कधीपासून खायला लागले?"

बाबांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "ही युक्ती या घरात दोघांनाच ठाऊक. त्यातला मी नाही."

मुलीने पर्स उघडली. तळहात पुढे केला, अगदी लहानपणीसारखा.

"रागवा हवं तर. पण त्या दिवशी खांबाच्या जागी कुणी माणूस असता तर, बाबा?"

मिस्त्रींनी तिच्या तळहातावरचा रोटर उचलून बसवला. बाबांनी किल्ली फिरवली. मी खोकले, निळा धूर ओकले, आणि मग माझा विसरलेला ठेका मला सापडला. बाबांनी डोळे मिटून तो ऐकला. त्यांची पकड स्टिअरिंगवर घट्ट झाली.

मुलगी खिडकीशी वाकली. "बाबा, आता चालवणार कोण?"

ते उतरले. दार तिच्यासाठी तसेच उघडे ठेवले. फाटकापर्यंत चालत गेले, हाताने खांब चाचपला आणि त्यांनी फाटक सताड उघडले.