एप्रनच्या खिशातली सुरी

तो कायदा आला तेव्हा मी आणि माझी मोठी जाऊ, दोघी बुटांच्या कारखान्यात कातडं कापायला जात होतो. शहरात भोसकाभोसकी वाढली, म्हणून सरकारनं रस्त्यावर सुरी बाळगायला बंदी घातली. झडतीत सापडली तर थेट तुरुंग. आपणहून आधी दिली तर माणसाला सोडत, सुरी मात्र जप्त.

आमच्याकडे सुरी ज्याची त्याची. मूठ एकाच हातानं झिजलेली, पात्याला त्याच मनगटाचा कल. दुसऱ्यानं वापरली की बिघडलीच म्हणून समजा. कायद्यानंतर सुट्टी झाली की आम्ही सुऱ्या कारखान्यातल्याच कपाटात ठेवून कुलूप लावायचो.

त्या संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी रांग लावली होती. दोन्हीकडे दोर, मागे माणसं. माझ्या पुढे जाऊबाई. एकदम त्यांचा हात कोटाच्या आत गेला आणि तिथंच थिजला.

"अगं, एप्रन काढायचाच राहिला."

"मग? एप्रनसाठी काय फाशी देतायत?"

"खिशात सुरी आहे."

दिवसभर मांडीला लागून असलेली वस्तू. नाकावरचा चष्मा कुणाला जाणवतो?

"आधीच देऊन टाका," मी कुजबुजले.

"माझ्या आईनं घेऊन दिलेली आहे. ही सुरी गेली की माझ्या हातून एक पट्टा तरी धड कापला जाईल का?"

"आणि तुम्ही आत गेलात, तर पोरांना काय सांगू? आई सुरीबरोबर नांदायला गेली म्हणून?"

"गप गं."

रांग सरकली. पुढच्या माणसाचे खिसे उलटे करून झाले. जाऊबाईंची मान घामानं भिजली होती. मी कोपरानं ढोसलं, त्या हलल्या नाहीत.

"हं, बाई, हात वर करा," हवालदार म्हणाला.

"थांबा. माझ्याकडे सुरी आहे. कामाची. आपणहून सांगतेय."

"सुरी!" मागून कुणीतरी ओरडलं. माणसं मागे रेटली गेली.

"इकडे द्या."

जाऊबाईंनी ती काढली. पण आमच्यात उघडं पातं कुणी हातात देत नाही. खाली ठेवायचं, समोरच्यानं उचलायचं. त्या सवयीनं ठेवायला जागा शोधत वाकल्या, आणि पातं हवालदाराच्या पोटासमोरून गेलं. दुसऱ्या पोलिसाची काठी वर उठली.

"हातात द्या म्हणतो ना!"

"ठेवतायत हो! मारू नका!" मी किंचाळले. "कारखान्यात अशीच देतात!"

काठी तशीच हवेत राहिली. जाऊबाईंनी मूठ हवालदाराकडे करून सुरी जमिनीवर ठेवली. त्यानं ती उचलली आणि मागच्या लोखंडी पेटीत भिरकावली. खणकन आवाज झाला.

"अहो, धार..." जाऊबाई म्हणाल्या.

"सुटलात हे नशीब समजा. चला पुढे."

पूल ओलांडल्यावर मी म्हटलं,

"दुसरी घेऊ, जाऊबाई. बसेल हळूहळू हातात."

"तुझ्या वयात बसते," त्या म्हणाल्या. "उद्या मुकादमाला सांगते, मला शिलाईवर घाल."

कापायच्या पाटावर त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.