बुटाच्या खोक्याचं तिकीट

"ही बोट बुडणार," आत्या म्हणाली आणि तिने भिंग खाली ठेवलं.

भाचीने टेबलावरचं आपलं चित्र पुन्हा जवळ ओढलं. पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या छापखान्यात ती चित्रकार होती. महायुद्धाच्या आठवणीसाठी निघणारं तिकीट तिच्या वाट्याला आलं होतं, आणि विषय होता लँडिंग क्राफ्ट: सैनिकांना समुद्रातून थेट वाळूवर नेऊन उतरवणारी सपाट तळाची बोट. ना डौल, ना शीड, ना निमुळतं नाक. आत्या तिला सरळ 'बुटाचा खोका' म्हणायची. पण याच खोक्यांवर तिचा जीव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यापासून ती जहाजांची तिकिटं जमवत होती, आणि तिच्या अल्बममध्ये खोक्यांचा मान पहिला.

"बघ, सगळ्यांनी तोच एक फोटो समोर ठेवून काढलंय," अल्बमची पानं उलटत आत्या म्हणाली. "लांबून, बाजूने. तूही तेच केलंस. बरं, हा पुढचा रॅम्प, उतरायला खाली पडतो तो पत्रा, कशाने धरून ठेवलाय? साखळीने की तारेने?"

"फोटोत दिसत नाही ना गं."

"मग बघून ये की!"

"कुठे बघू? सगळ्या भंगारात गेल्या. आणि सोमवारी साहेबांना पक्कं चित्र द्यायचंय; कच्चं त्यांनी पास केलंय."

आत्याने फोन उचलला. तिच्यासारख्याच तिकीटवेड्यांची तिची एक फौज होती. एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि संध्याकाळी आत्या भाचीच्या दारात धापा टाकत उभी राहिली.

"सापडली! जिवंत आहे! नदीच्या मुखाशी मेंढ्या वाहते!"

रविवारी सकाळी दोघी धक्क्यावर पोचल्या. बोट खरंच तिथे होती. गंजलेली, पोचे पडलेली, मागे इंजिन भकभकतंय आणि आत मेंढ्या दाटीवाटीने उभ्या. आत्या धक्क्यावरच थबकली. इतकी वर्षं जी वस्तू तिने नखाएवढी पाहिली, ती आज घराएवढी समोर होती. तिने पुढे होऊन पत्र्यावर तळहात टेकवला आणि लहान मुलीसारखी हसली.

गमबूट घातलेली मालकीण हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. "तिकिटावर? ही? अहो, आधी सांगितलं असतं तर रंग तरी दिला असता!" तिच्या सासऱ्यांनी युद्धानंतर ही लिलावात उचलली होती. तेव्हापासून पलीकडच्या बेटावर चरायला जाणारी मेंढरं, विटा, एकदा तर नवरीसकट अख्खं वऱ्हाड हिनेच नेलं होतं. "या, बसा. म्हणजे उभ्याच राहा, बसायला जागा नाही."

नदी संपून समुद्र लागला तशी बोट उसळायला लागली. सपाट तळ प्रत्येक लाटेवर धाडकन आपटायचा. कडा डोक्यापेक्षा उंच. बाहेरचं काही दिसेना. वर आभाळाचा तुकडा, समोर बंद पत्रा आणि मधे नुसत्या पाठी, एकीला एक चिकटलेल्या. भाचीने पेन्सिल काढली आणि पहिल्याच लाटेने कागदाचा लगदा केला.

तळ वाळूला घासला. मालकिणीने रॅम्प सोडायचा दांडा ओढला. दांडा हलेना. तेवढ्यात मागून लाट आली आणि बोटीचं बूड उचलून आडवं फिरवू लागली. कडेवरून पाणी भसाभस आत आलं. मेंढ्यांनी एकच कालवा केला.

"आडवी झाली तर उलटेल!" मालकीण ओरडली. "हात लावा, हात!"

भाची पाठी बाजूला सारत पुढे घुसली. तिने दांड्याला मिठीच मारली. तिच्यामागे आत्या.

"तार आहे गं!" पाण्याने निथळत आत्या किंचाळली. "तारेने धरलंय! जाड तारेने!"

"आत्या, ओढ आधी!"

तिघींनी जीव खाऊन हिसका दिला. गंज कडकडला, दांडा सुटला आणि रॅम्प दणकन वाळूवर कोसळला. अंधाऱ्या पत्र्याच्या जागी एका क्षणात उजेड आला. अख्खा किनारा अंगावर धावून आल्यासारखा वाटला. मेंढ्या त्या उजेडात उड्या घेत सुटल्या आणि बोट हलकी होऊन स्थिरावली.

भाची जागची हलली नाही. तीन बाजूंनी काळा पत्रा आणि मधे उजेडाचा चौकोन. हे तिकीटच होतं की! लांबून, बाजूने बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

"कागद!" ती ओरडली. "कोरडा कागद द्या कोणीतरी!"

मालकिणीने चहाच्या पुड्याचं वेष्टण फाडून दिलं.

सोमवारी साहेबांनी नवं चित्र हातात घेतलं. खाली सैनिकांच्या ओल्या पाठी, पुढे नुकताच पडलेला रॅम्प, पलीकडे उजेड. त्यांनी कागद वर केला, जवळ नेला.

"बाई, बोट कुठाय?"

"आपण बोटीत आहोत, साहेब."

साहेबांनी चित्र जपून टेबलावर ठेवलं. मग त्यांनी फोन उचलला. "आधीचं चित्र फाडून टाका. नवं येतंय. हो, आत्ताच!"

तिकीट निघालं त्या दिवशी पोस्टात रांग बाहेरपर्यंत गेली होती. आत्या रांगेत पुढेमागे फिरत दिसेल त्याला सांगत होती, "काढणारी माझी भाची आहे, ती काय, निळ्या शर्टातली!" भाचीला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

खिडकीवरून काठी टेकत एक आजोबा वळले. त्यांनी तिकीट डोळ्यांशी धरलं आणि ते तिथेच उभे राहिले, मागच्यांची कुरकुर सुरू झाली तरी.

"तुम्ही काढलंत?"

"हो."

"मी अशाच बोटीत शेवटच्या रांगेत होतो. मला पुढच्याची पाठच तेवढी दिसत होती." त्यांनी तिकिटावर बोट टेकवलं. "ही अशी. तुम्हाला कसं कळलं?"

"मेंढ्यांबरोबर गेले होते, आजोबा," भाची खरं तेच बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

आजोबा आधी चमकले, मग खांदे गदगदा हलवत हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "बरोबर आहे पोरी! अगदी तसेच उभे होतो आम्ही!"

आत्याने तेवढ्यात त्यांचा हात धरलाच होता. "चला, तिथे बाकावर बसू. मला सगळं सांगा. रॅम्प पडला, मग?"

"मग काय," डोळे पुसत आजोबा म्हणाले, "मग आम्ही धावलो!"