रविवारची कडी

शनिवार किंवा रविवार, दोन्हींपैकी एकाच दिवशी दुकान उघडायचं, असा कायदा आला. भाऊ गेल्यापासून हार्डवेअरचं दुकान नणंद-भावजयच बघत होत्या. त्यांनी तोडगा काढला. मधोमध प्लायवूडची भिंत घालून दुकानाची दोन दुकानं केली. नळ-पाइप भावजयीच्या नावावर, ते शनिवारी उघडे. रंग-ब्रश नणंदेच्या नावावर, ते रविवारी. भिंतीतल्या दाराला रविवारी कडी.

त्या रविवारी निरीक्षक आला आणि स्टूल ओढून बसलाच.

"कडी निघाली की दोन्ही परवाने महिनाभर बंद," त्याने सांगून टाकलं. भावजय रंगाचे डबे उगाच पुसत राहिली.

तेवढ्यात समोरचा बुकबाइंडर धापा टाकत आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"मेन कॉक तुटून हातात आला! घरात पाणी भरतंय. वीज बंद करावी, तर बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर. अँब्युलन्स निघालीय म्हणतात, पण पाणी थांबतंय का तोवर? एक कॉक द्या!"

कॉक भिंतीपलीकडे होता.

"ताई, नको," भावजय पुटपुटली. "मुलांच्या पोटावर पाय येईल."

नणंदेने कडी काढली.

निरीक्षक उठून उभा राहिला. "मी डोळ्यांवर कातडं ओढणार नाही, बाई."

"नका ओढू. लिहा."

आत अंधारात ती खण चाचपडू लागली. "पाऊण इंची की एक?"

बुकबाइंडरने हातातला तुटका कॉक पुढे केला. नणंदेच्या हातातून डबा निसटला, वॉशर जमिनीवर सांडले.

"एक इंची," भावजय ओरडली. "डावीकडे, खालचा खण!" आणि स्वतःच पाना उचलून रस्त्यापलीकडे धावली.

पाण्याचा फवारा तोंडावर घेत तिने आटे बसवले. दोनदा कॉक निसटला. मागे निरीक्षक पँट दुमडून बॅटरी धरून उभा होता. आतल्या खोलीत मशीन घरघरत होतं. तो आवाज थांबतोय का, याकडेच सगळ्यांचे कान. तिसऱ्यांदा आटे धरले. पाणी थांबलं.

निरीक्षकाने हात पुसले आणि अहवाल लिहिला. महिनाभर दोन्ही बंद.

"झालं समाधान?" भावजय नणंदेला म्हणाली, आणि तिने पाना फळीवर आपटला.

पण कायदा दुकानांना होता, घरी जाऊन दुरुस्ती करायला नव्हता. दुसऱ्याच दिवशी बुकबाइंडरने शेजारच्या गल्लीतलं, टाकी गळणारं एक घर सांगितलं. भावजय निघाली. दारात थांबून, मागे न बघता म्हणाली, "येताय ना? शिडी कोण धरणार?"