रिकामा परत आलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे आणि मला राग आला आहे. माझ्या कुशीतला पोचा आधी बघा, मग गोष्ट ऐका.

नाशिकच्या तांबटांनी मला ठोकून ठोकून घडवले. मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या प्रतिभाताईंनी मला विकत घेतले. आमच्याकडची रीत अशी, की कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही; निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पंचवीस वर्षे मी लाडू, शेवया घेऊन गेलो आणि भरून परतलो. लोक माझे कौतुक करत.

पण त्याच घरात मी आणखी एक वाक्य ऐकत होतो. लेक तेजस्विनी लहानपणी रडली, की प्रतिभाताई म्हणत, "गप बस, नाहीतर टाकून जाईन तुला." त्या कधीच गेल्या नाहीत. भीती मात्र पोरीच्या मनात राहिली. मोठेपणी कुणी फोन उचलायला उशीर केला, तरी तिचे हातपाय गार पडत. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, उपचारांनी सावरता येईल. तिचे चुलते हिरामणकाका म्हणाले, "नाटकं आहेत सगळी." फळीवर बसून मी संतापलो. पोरीचा पाय मोडला असता, तर याच काकांनी तिला उचलून दवाखान्यात नेले असते!

गेल्या श्रावणात तिने मैत्रिणीला, रूपालीला, माझ्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. मी रिकामा परत आलो. तेजस्विनीने झाकण उघडले. "संपलं. तिला मी नकोय," म्हणत तिने मला भिंतीवर भिरकावले. हा तोच पोचा.

रूपालीचा नंबर कायमचा ब्लॉक करायला तिने फोन उचलला. मग बोट थांबले. डॉक्टरांनी शिकवले होते, भीती खरी असते, पण ती सांगते ते खरे असेलच असे नाही. आधी तोंडावर गार पाणी मारायचे, श्वास मोजायचे, मग सरळ विचारायचे. तिने तसेच केले. रूपालीलाच फोन लावून विचारले, "डबा रिकामा का पाठवलास?"

रूपाली हसली. "अगं बावळट, साखर घालायला तू काय परकी आहेस?" मग पलीकडचे रडणे तिला ऐकू आले. "थांब, मी येते," ती म्हणाली.

ती आली, रिकाम्या हातांनीच. दोघी ओट्यावर बराच वेळ बसल्या.

मित्रांनो, मला फेकल्याचा राग केव्हाच गेला. "टाकून जाईन" या वाक्याचा गेलेला नाही, जाणारही नाही. ते कुणाला गमतीतही म्हणू नका. माझा पोचा तांबट ठोकून काढील. तिचा तिला रोज, स्वतःच काढावा लागतो.