चिमाजीनं घासाघीस केली नाही

नाशिकच्या फुलबाजारात गिऱ्हाईक कशासाठी आलंय, हे त्याच्या पहिल्या दोन शब्दांत कळतं. ‘कसा दिला?’ म्हणालं तर घरी पूजा, लग्न, गेला बाजार नवी स्कूटर. मग ते दहाचा हार सातला मागणार, रुसून चार पावलं जाणार आणि परत येणार. पण एखादा हार उचलून नुसतं ‘किती झाले?’ विचारतो. त्याच्या घरी माणूस गेलेलं असतं. मयताच्या सामानाला घासाघीस नसते. तो सांगितले तेवढे देतो, आणि बाजारातली बाईही त्याला कधी चढा भाव सांगत नाही.

मखमलाबादची चिमणाबाई बावीस वर्षं हे ऐकत फुलं विकत होती. १९९७ सालच्या त्या मंगळवारी मात्र तिचं कशातच ध्यान नव्हतं. तिचा नवरा पुंजा ऑपरेशनच्या टेबलावर होता. अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. धाकटा दीर चिमाजी दवाखान्यात बसला होता आणि त्यानंच तिला हाकललं होतं. “वहिनी, तुम्ही हितं बसून टाके थोडेच घालणार हाये? जा, झेंडू विका. नासला तर कोण घेईल?”

चिमाजी हा असा. स्वतःच्या लग्नात त्यानं भटजींशी घासाघीस करून दोन मंगलाष्टकं कमी करून घेतली होती.

साडेअकराला तो बाजारात आला. चिमणाबाईकडे त्यानं पाहिलंच नाही. सरळ शेजारच्या नवसाबाईच्या पाटीपाशी गेला, मोठा हार उचलला आणि म्हणाला, “किती झाले?”

नवसाबाईच्या हातातली सुई फुलातच थांबली.

“पं... पंधरा.”

चिमाजीनं पंधरा दिले.

चिमणाबाईनं ते ऐकलं. पाणी शिंपडायचा तांब्या कलंडला, ओटीतला झेंडू भिजला, तिला कळलं नाही. विचारावं तर उत्तर येईल, म्हणून तिनं विचारलं नाही. ती वेगळंच बोलली.

“भावजी, भाव करा.”

“नको वहिनी.”

“बाराला मागा. नवसाबाई देतीये.”

“दहाला देते!” नवसाबाई रडत म्हणाली. “आठला ने! पण तोंडानं माग रे बाबा!”

चिमाजीनं हार छातीशी धरला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“सात म्हणा,” चिमणाबाई त्याचा दंड धरून ओरडली. “फुकट मागा! तुमचा भाऊ हाय का नाय, तेवढं तरी सांगा!”

“हाय! आतच हाय अजून!” चिमाजीचा बांध फुटला. “डॉक्टर बाहेर आला, म्हणाला रक्त लय गेलंय, सांगता येत नाय. मी तिथंच वणीच्या देवीला बोललो, दादा चालत घरी येईस्तोवर कशाचाच भाव करणार नाय. दुसरं काय सोडणार? दारू नाय, तंबाखू नाय. माझ्याकडं सोडण्यासारखं हेच होतं.”

“मग माझ्याकडून का नाय घेतला हार?”

“तुम्ही पैसे घेतले नसते. दवाखान्यात देवीचा फोटो हाय, फुकटचा हार तिला कसा चालंल?”

दोघं रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं चाळीस सांगितले. कुणी हूं की चूं केलं नाही. त्यानं आरशात पाहिलं. बाईचे डोळे कोरडे, बाप्याच्या मांडीवर हार. त्यानं हात लांबवून टेप बंद केला.

दवाखान्याच्या दारात तो हळूच म्हणाला, “तीसच द्या, दादा. अशा वेळी काय घ्यायचं.”

“चाळीस घे!” चिमणाबाई किंचाळली. “एक रुपया कमी केलास तर बघ!” चाळीस रुपये त्याच्या खिशात कोंबूनच ती जिना चढली.

वर अर्धा तास दार बंदच होतं. आत काहीतरी धातूचं पडलं की दोघं एकदम उभे राहत आणि एकदम बसत.

मग डॉक्टर आले. मास्क खाली करत म्हणाले, “वाचले. पण दहा दिवस इथंच ठेवावं लागेल.”

चिमणाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि सकाळपासून अडकलेलं रडू मोकळं झालं.

“दहा?” चिमाजीनं विचारलं. पुढचं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि हमसून रडायला लागला.

भावावरची ती माया पाहून सिस्टरनंही डोळे पुसले.